तालमीचा अभ्यास: प्रश्नावली भरून घेऊ की कट्ट्यावर बसू?

रंकाळाकाठ विचारतात:

नमस्कार मंडळी. सामाजिक मानवशास्त्राचा प्रकल्प आहे, हातात चार महिने. विषय घेतलाय कोल्हापुरातल्या पेठेतली एक तालीम (नाव मुद्दाम देत नाही). ४० प्रश्नांची प्रश्नावली तयार आहे. ती १०० जणांकडून भरून घ्यायची आणि टक्केवारी काढायची असा बेत होता. मार्गदर्शकांचं म्हणणं, आधी सहभागी निरीक्षण करा, नात्यांचे तक्ते काढा, प्रश्नावलीचं नंतर बघू.

तिथं रोज जाऊन नेमकं करायचं काय? नुसतं बसून काय कळणार? वहीत काय लिहायचं? आणि कुस्ती-फुटबॉलच्या अभ्यासाला कुणाचा मामा कोण हे कशाला लागतं?

---

वहीपेन्सिल:

प्रश्नावली फाडू नका, कपाटात ठेवा. तुमच्या ४० प्रश्नांत "आपण तालमीचे सभासद आहात का? होय / नाही" हा प्रश्न असणारच. आता कोल्हापुरात याला काय उत्तर येईल ते बघा. एकाचं नाव रजिस्टरात आहे, पण माणूस नोकरीनिमित्त बाहेरगावी. दुसरा गणपतीला वर्गणी देतो, हौदात (कुस्तीच्या तांबड्या मातीत) कधी उतरलेला नाही. तिसरा राहतो दुसऱ्या पेठेत, पण फुटबॉल इथल्या संघाकडून खेळतो. चौथा त्या गल्लीत जन्मला एवढंच, आणि तोच सगळ्यात ठासून "आमची तालीम" म्हणतो. चौघेही "होय"वर खूण करणार. टक्केवारी झकास निघेल आणि हाती काही लागणार नाही. कारण आपल्याकडं तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती तिचा, फुटबॉलचा संघ तिचा, गल्लीतलं भांडण मिटवायला माणसं बसतात तीही तिथंच. "सभासद" या शब्दात तिथली माणसं कुणाला धरतात आणि कुणाला नाही, हे कळल्यावर तो प्रश्न लिहायचा.

आधी माणसांत राहून बघायचं, मग विचारायचं, ही रीत (तेच तुमचं सहभागी निरीक्षण) पक्की केली ब्रोनिस्लाव मालिनोव्स्की या मानवशास्त्रज्ञानं. १९१५ ते १९१८ या काळात दोन मुक्काम करून तो न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रिअँड बेटांवर राहिला, तंबू थेट गावात ठोकून. तिथली 'कुला' नावाची देवघेव त्यानं उलगडली. लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळातून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरतात, पांढऱ्या शंखाची कडी उलट दिशेनं, आणि कुणीही ती कायमची जवळ ठेवत नाही. प्रत्येकाला आपले जोडीदार ठाऊक होते, आपले नियम ठाऊक होते. अख्ख्या वर्तुळाचा नकाशा मात्र कुणाच्याच डोक्यात नव्हता. तो जोडणं अभ्यासकाचं काम.

त्यानं नोंदींची तीन खाती सांगितली, ती आजही चालतात. पहिलं सांगाड्याचं: घरं, नाती, पदं, नियम, पैशाचा हिशेब. दुसरं रोजच्या बारीकसारीक गोष्टींचं, ज्या कुणी सांगत नाही कारण सांगण्याजोग्या वाटतच नाहीत. तिसरं माणसांच्या शब्दांचं, जसेच्या तसे. टोमणे आणि शिव्यासुद्धा.

पहिले दोन आठवडे नकाशा काढा. हौद, मारुतीची देवळी, कट्टा, फळा, चपला काढायची जागा, समोरची चहाची टपरी. तोच नकाशा दिवसातून तीन वेळा काढायचा: पहाटे ५, दुपारी १२, संध्याकाळी ७. प्रत्येक वेळी कोण कुठं बसलंय ते टिंबांनी दाखवा. पहाटेची तालीम आणि संध्याकाळची तालीम एकाच इमारतीत राहणाऱ्या दोन वेगळ्या संस्था निघण्याची शक्यता भरपूर आहे. पहाटेचं टिंब संध्याकाळी दिसतंय का, एवढ्या एका गोष्टीवर तुमचा अर्धा प्रबंध उभा राहू शकतो.

आता वही. जागेवर पूर्ण वाक्यं लिहीत बसलात तर समोरचे गप्प होतात. खिशातल्या छोट्या वहीत नुसते खुणेचे शब्द टाका: "५.४०, वस्ताद, कट्टा, चौथा उठला नाही". पूर्ण नोंद त्याच रात्री. एक झोप मध्ये गेली की क्रम पुसतो, आणि दुसरी गेली की बोललेलं वाक्य तुमच्याच भाषेत बदलतं. तासभराच्या निरीक्षणाला दीड-दोन तास लिहायला लागतात. म्हणून पहिल्या महिन्यात दिवसाला तीन तासांच्या वर बसू नका. लिहिणं तुंबलं की फील्डवर्क बुडालंच समजा.

वाईट नोंद अशी असते:

"वस्तादांना सगळे फार मान देतात."

चांगली अशी:

"५.४०. वस्ताद दारातून आत. हौदात जोड सुरू, ते दोघं थांबले नाहीत. कट्ट्यावरचे तिघे उठले. चौथा (पंचविशीचा, संघाची जर्सी) बसून राहिला, पण हातातला फोन उलटा करून ठेवला. वस्ताद बसले, मग तिघे बसले. कुणी बोललं नाही."

पहिल्या नोंदीतून पुढं काही निघत नाही. दुसरीतून निदान तीन प्रश्न निघतात. हौदात असताना उठायचं नसतं का? जर्सीवाला वेगळ्या नियमानं चालतो का? फोन उलटा ठेवणं हा त्याचा उठून उभं राहण्याचा प्रकार आहे का? शेवटच्याचं उत्तर लगेच "हो" असं लिहू नका. डावीकडच्या पानावर दिसलं ते, उजवीकडच्या पानावर तुम्हाला वाटलं ते. पापणी लवली की डोळा मारला, हा फरक नुसत्या डोळ्याकडं बघून कळत नाही. मानवशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झनं १९७३ मध्ये 'घन वर्णन' (कृतीबरोबर तिचा तिथला अर्थही टिपणारं वर्णन) म्हणून जे मांडलं त्याचं हेच गाजलेलं उदाहरण (मूळ कल्पना गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञाची).

---

गूळरवा:

वरचं सगळं मान्य, पण वहीपेन्सिल प्रश्नावलीला जरा जास्तच घाबरतात. आकडे वाईट नसतात, आपल्या डोक्यातल्या वर्गवाऱ्यांवर लावलेले आकडे वाईट. त्यांच्या वर्गवाऱ्या काढायची सोपी रीत आहे: मुक्त यादी.

२० ते ३० जणांना, एकेकट्याला गाठून, एकच प्रश्न: "तालमीची कामं म्हणजे काय काय?" मध्ये सुचवायचं नाही. थांबले की "आणखी?" एवढंच, दोनदा. मग मोजा: कुठला शब्द किती जणांनी घेतला आणि सरासरी कितव्या क्रमांकावर घेतला. बऱ्याच जणांनी आणि लवकर घेतलेले शब्द मधल्या गाभ्यातले. "कुस्ती" पहिल्या तिनांत येते की सातवी येते, हे वयोगटानुसार बघा. त्यातले १५-२० शब्द पोस्टकार्डाएवढ्या चिठ्ठ्यांवर लिहून द्या आणि म्हणा, "जे एकत्र जातात त्यांचे गठ्ठे करा." गठ्ठे किती करायचे ते सांगू नका. झाले की प्रत्येक गठ्ठ्याला नाव विचारा. ती नावं सोनं. तुमच्या प्रश्नावलीतले पर्याय तिथून घ्या.

विचारण्याबद्दल. "का" हा शब्द जपून वापरा. "तुम्ही वर्गणी का देता?" म्हटलं की माणूस भाषण देतो. "गेल्या गणपतीला वर्गणी मागायला कोण आलं होतं? किती दिली? पावती कुणी फाडली?" असं विचारलं की घडलेलं सांगतो. माणसं जे करतात, जे करतो म्हणतात आणि जे करायला पाहिजे म्हणतात, या तीन रांगा वेगवेगळ्या ठेवा. त्यांच्यात फट दिसली म्हणजे माणूस खोटं बोलला असं नाही. अभ्यासाचा विषय त्या फटीतच असतो.

तालमीबाहेरचं एक उदाहरण देतो, कारण हे तिथं जास्त स्वच्छ दिसतं. गुऱ्हाळावर गुळव्याला विचारा, "पाक झाला कसं ओळखता?" उत्तर येतं "अनुभवानं", आणि मुलाखत संपते. काहिलीपाशी उभं राहा. बुडबुड्यांचा आकार बदलतो तसा तो सावध होतो. पाकाचा थेंब थंड पाण्यात सोडतो, बोटांनी गोळी वळतो, भांड्याच्या काठावर मारून आवाज ऐकतो. मग हाक. थर्मामीटर धरलात तर तेव्हा साधारण ११८ अंश दाखवेल. अंश ही बाहेरच्याची भाषा, गोळीचा आवाज ही आतल्याची. केनेथ पाइक या भाषाशास्त्रज्ञानं १९५४ मध्ये आतल्या दृष्टीला 'एमिक' आणि बाहेरच्या दृष्टीला 'एटिक' अशी नावं दिली. दोन्ही लागतात. पण बघून झाल्यावर विचारा, "आज काहील लवकर उतरवली, ती कशी?" आता तो ऊस कुठल्या रानातला, पाणी किती प्यायलेला, भेंडीचं पाणी किती घातलं, सगळं सांगेल. बघितल्याशिवाय हा प्रश्न सुचलाच नसता.

मुलाखत रेकॉर्ड करत असाल तर एका तासाच्या बोलण्याला उतरवून काढायला ५-६ तास धरा, कट्ट्यावरच्या चौघांच्या एकत्र गप्पा असतील तर त्याहून जास्त. आणि कृपा करून "करालोय", "जायालोय" याचं "करत आहे", "जात आहे" करू नका. विशेषतः "आपली" आणि "आमची" यांना हात लावू नका. मराठीत हा फरक आयता मिळालाय: "आमची तालीम" म्हणताना तो तुम्हाला बाहेर ठेवतोय, "आपली तालीम" म्हणताना आत घेतोय. कुठल्या आठवड्यात, कुणाच्या तोंडून, कशाबद्दल बोलताना "आमची"चं "आपली" झालं याची तारीखवार नोंद ठेवा. जयंतीच्या मिरवणुकीबद्दल "आपली" आणि हिशेबाबद्दल "आमची" असंही होतं. प्रबंध इंग्रजीत लिहिणार असाल तर हा भेद तिथं एकाच शब्दात गडप होतो, म्हणून मूळ वाक्य मराठीतच जपा.

---

स्टेडियमपश्चिम:

हे सगळं वाचायला भारी आहे, पण भावा, यात शास्त्र कुठाय? एक माणूस चार महिने गप्पा मारणार आणि त्याला वाटलं ते लिहिणार. दुसरा गेला तर दुसरंच लिहील.

---

वहीपेन्सिल:

रास्त शंका, आणि या विषयात तिच्यावरून मोठं भांडण झालेलं आहे. मार्गारेट मीडनं १९२५-२६ मध्ये सामोआत काम केलं. तिथल्या मुलींचं वयात येणं पाश्चात्त्य मुलींपेक्षा निवांत असतं असं तिचं १९२८ चं पुस्तक सांगतं. १९८३ मध्ये, मीड वारल्यावर पाच वर्षांनी, डेरेक फ्रीमननं ते साफ चूक आहे असं पुस्तक काढलं. पण मीड होती अमेरिकन सामोआच्या मानूआ बेटांवर, वय चोविशीचं, बोलत होती मुलींशी. फ्रीमन पश्चिम सामोआत, १९४० च्या दशकात आणि नंतर, आणि त्याची ऊठबस गावच्या प्रमुखांत. वाद अजून पुरता मिटलेला नाही. घ्यायचं ते एवढंच: तुम्ही कोण होता, कुठं बसला होता, कुणी तुम्हाला काय मानलं, हे प्रबंधात लिहावंच लागतं. भौतिकशास्त्रवाला उपकरणाची अचूकता लिहितो तसं. इथं उपकरण तुम्हीच.

बाकी पडताळ्याच्या रीती साध्या आहेत. एकच प्रसंग तीन बाजूच्या माणसांकडून ऐका. सांगितलेलं पाहिलेल्याशी ताडा, आणि दोन्ही कागदाशी: पावतीपुस्तक, जुने फोटो, मैदानाची हँडबिलं, फळ्यावरच्या सूचना. शिवाय आपलं म्हणणं खोटं पाडणारं उदाहरण मुद्दाम शोधा. "किती मुलाखती पुरेत" यावर २००६ चा एक अभ्यास फार उद्धृत होतो. घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासल्या, तर पहिल्या १२ नंतर नवे मुद्दे जवळजवळ थांबले होते. पण ती माणसं एकसारख्या गटातली होती. तुमच्याकडं वस्ताद, फुटबॉलवाले, मंडळवाले, शेजारी असे चार गट असतील तर १२ एकूण नव्हे, गटागणिक धरा.

---

पाव्हणं_कुठलं:

नात्यांच्या तक्त्याचं मी सांगतो, कारण त्यालाच सगळे कंटाळतात.

डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स १८९८ च्या टोरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत गेला तेव्हा त्यानं वंशावळी गोळा करायला सुरुवात केली, पुढं निलगिरीतल्या तोडा लोकांत तीच रीत वापरली आणि १९१० मध्ये ती नीट लिहून काढली. त्याच्या लक्षात आलं की लग्न, वारसा, जमीन यांबद्दल गोल गोल उत्तरं देणारा माणूस वंशावळ मात्र नावानिशी सांगतो, आणि नियम त्या नावांतून आपोआप बाहेर येतात.

खुणा: पुरुष त्रिकोण, स्त्री वर्तुळ, लग्न म्हणजे बरोबरीचं चिन्ह, भावंडं वरच्या आडव्या रेघेला टांगलेली, मूल खाली उभ्या रेघेनं, वारलेल्यावर तिरकी काट. इंग्रजी अक्षरांत लिहिताना बहिणीला 'झेड' द्या, 'एस' मुलासाठी राखलेला असतो. ज्याच्यापासून सुरुवात तो काळा भरा. तीन पिढ्या पुरेत. एका घराला पाऊण ते दीड तास लागतो.

कोल्हापुरात घोटाळा कुठं होतो? पहिला हाकेत. "मामा", "काका", "दादा" ही हाक कुणालाही जाते. म्हणून "तुमचे काका कोण" विचारू नका. "वडिलांचे सख्खे भाऊ किती? चुलते किती?" असं विचारा. "चुलता" शब्दात रस्त्यावरचा माणूस सहसा शिरत नाही. दुसरा घोटाळा लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा. पुरुषाला विचारलंत तर त्या तक्त्यातून गायब होतात, लहानपणी गेलेली मुलंही. तोच तक्ता घरातल्या म्हातारीपुढं ठेवा, दुप्पट होतो. तिसरा म्हणजे भावकी कुठं संपते. तोंडी उत्तर प्रत्येकाचं वेगळं. त्याऐवजी विचारा: "कुणाकुणाचं सुतक धरता? दहा दिवस कुणाचं, तीन दिवस कुणाचं?" भावकीची हद्द तिथं आखलेली मिळते.

आता तालमीला हे कशाला? भावकी आणि सोयरे या दोन वेगळ्या तारा आहेत. इरावती कर्व्यांनी १९५३ च्या नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात भारताचे चार पट्टे पाडले आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात ठेवला. उत्तरेत मामेबहिणीशी लग्न निषिद्ध, आपल्याकडं बऱ्याच समाजांत मामाच्या मुलीवर हक्कच सांगतात, आत्याच्या मुलीबाबत मात्र मराठ्यांत नकार. म्हणजे मामाचं घर पिढ्यान्‌पिढ्या मुलगी देणारं घर होऊ शकतं. आता तालमीची कार्यकारिणी, संघाचे खेळाडू आणि गेल्या पाच वर्षांत भांडून बाहेर पडलेले, या तिघांची नावं तक्त्यावर तीन रंगांनी रंगवा. रंग भावकीनं गोळा होतात, सोयरिकीनं होतात की गल्लीनं? कदाचित कशानंच नाही. तेही उत्तरच आहे, फक्त रंगवून झाल्यावर द्यायचं.

आणि आडनावावरून जात लिहू नका. या जिल्ह्यात पाटील मराठा असतो, जैन असतो, लिंगायत असतो. पहिल्या दिवशी जात विचारूही नका. लग्नपत्रिका, देवक, कुलदैवत यांतून ते त्यांच्या वेळेनं येतं.

---

रंकाळाकाठ:

एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, आभार. दोन शंका उरल्या. तालमीत बायका नाहीतच, मग त्यांचं काय? आणि नावं बदलली की पुरे ना?

---

तीन_प्रती:

बायका "नाहीत" हे पहाटे पाचच्या नकाशावरचं वाक्य आहे. खुराकाचं दूध कोण तापवतं, लंगोट कोण धुतं, वर्गणीचे पैसे घरातल्या कुठल्या डब्यातून निघतात, मॅचच्या दिवशी पोराला बाहेर पाठवायचं की नाही हे कोण ठरवतं? तुम्ही मुलगा असाल तर एकट्यानं घरोघर फिरू नका, नात्यांचा तक्ता हेच आत जायचं दार करा. म्हातारी बोलायला लागली की सुना दुरुस्त्या सुचवतात. त्या दुरुस्त्या लिहा.

नावं बदलून पुरत नाही. "अमुक साली अमुक चषक जिंकलेल्या तालमीचे वस्ताद" लिहिलंत की अख्खं कोल्हापूर ओळखतं. वर्ष ढोबळ करा, चषकाचं नाव गाळा, गरज पडली तर एका माणसाचे तपशील दोघांत वाटा आणि तसं केल्याचं प्रबंधात सांगा. खऱ्या-खोट्या नावांची यादी नोंदींपासून वेगळ्या ठिकाणी, कुलपात. संमती एकदा घेऊन भागत नाही. कट्ट्यावर बसायची संमती म्हणजे रेकॉर्डिंगची नव्हे, आणि रेकॉर्डिंगची म्हणजे छापायची नव्हे. अल्पवयीन पठ्ठ्यांच्या बाबतीत पालकांची वेगळी घ्या. एका तालमीतलं दुसऱ्या तालमीत बोलू नका, कौतुकाचंसुद्धा. वर्गणीच्या हिशेबाचा विषय तुम्ही होऊन काढू नका. कुणी काढलाच तर ऐका, आणि रेकॉर्डर बंद करू का असं विचारा.

नोंदींच्या प्रती तीन आणि तीन जागी. एम. एन. श्रीनिवासांनी म्हैसूरजवळच्या रामपुऱ्यात १९४८ मध्ये काम केलं, नोंदींवर पुढची १८ वर्षं मेहनत घेतली, प्रती तीन केल्या, पण तिन्ही एकाच खोलीत. २४ एप्रिल १९७० ला स्टॅनफर्डमध्ये कुणीतरी आग लावली आणि तिन्ही गेल्या. मग त्यांनी आठवणीतून पुस्तक लिहिलं, १९७६ मध्ये आलं आणि गाजलं. तुमच्या-माझ्या आठवणीचा तेवढा भरवसा नको.

---

रंकाळाकाठ:

समजलं. सोमवारी पहिला दिवस. काय घेऊन जाऊ?

---

पाव्हणं_कुठलं:

खिशात मावणारी वही, दोन पेनं, घड्याळ. फोन खिशात. आधी एखाद्या ओळखीच्या माणसाबरोबर जा, पण तो कुठल्या गटाचा आहे ते आधी जाणून घ्या. पहिले काही आठवडे तुम्ही त्याचेच म्हणून धरले जाल. चपला बाहेर. हौदाच्या कडेला लगेच टेकू नका, बाकीचे मातीला हात लावून कपाळाला लावतात का आणि केव्हा, ते बघून घ्या. कुणी जोर मारायला बोलावलं तर वस्तादांकडं बघा, ते मान हलवतील तेव्हाच उतरा.

पहिल्या पाच मिनिटांत कुणीतरी विचारणार, "कुठलं पाव्हणं? कुणाचा तू?" तुम्ही काय सांगितलं ते रात्री लिहा, आणि त्यावर लगेच पुढचा प्रश्न कुठला आला तोही लिहा: गावाचा, आडनावाचा, पेठेचा की कामाचा.